मीठबंदीच्या खोलीतल्या विमलबाई

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं माझी जी शोभा होणार आहे तिचं तुम्हाला नवल वाटायला नको. आमचे वडील मास्तर, आजोबा मास्तर, काका कचेरीत कारकून. दुसऱ्याच्या चुका काढणं हा आमचा वडिलोपार्जित धंदा. मी डिप्लोमा करून नागापूरच्या एमआयडीसीत लागलो तरी स्वभाव मास्तराचाच राहिला. आणि ज्या बाईंच्या मी सगळ्यात जास्त चुका काढल्या त्यांच्याबद्दलच आज लिहायला बसलोय. विमल सहादू भिंगारदिवे. आम्ही सगळे विमलबाई म्हणायचो.

त्र्याण्णव साली त्या आप्पासाहेबांच्या शेडमध्ये आल्या. आप्पासाहेब आमचे मालक. मूळचे राहात्याचे, पेरूच्या बागा असलेल्या घरातले, पण निम्मं आयुष्य गेलं साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी. बॉयलरला जड पाणी चालत नाही, आत क्षाराचं पुट बसतं, म्हणून पाणी मऊ करायची टाकी लागते. तशा टाक्या बनवून घेता घेता आप्पासाहेबांना वाटलं, हे आपणच का बनवू नये, आणि त्यांनी नोकरी सोडली. पत्र्याची शेड, अकरा माणसं, एक टेम्पो. टेम्पोवर सहादू, म्हणजे विमलबाईंचे यजमान. त्यांनीच एक दिवस बायकोला आणून उभं केलं आणि म्हणाले, "आप्पासायेब, हिला कंचंबी काम सांगा, पन बशिवू नका. बसली की माझ्या चुका मोजती." मला वाटलं, चला, आपल्या जातकुळीचं कुणीतरी आलं.

त्या दिवसांत बाजार नुसता उसळला होता. देशाची दारं उघडली होती, नवेनवे कारखाने उभे राहत होते. इंजेक्शनचे, बॅटऱ्यांचे, टीव्हीच्या सुट्या भागांचे. या सगळ्यांना एकाच गोष्टीची तहान होती, ती म्हणजे असं पाणी की ज्यात पाण्यावाचून दुसरं काहीच नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्या परदेशाशी करार करून असे प्लांट विकायच्या. त्यांची माणसं टाय लावून, गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं घेऊन यायची. आमचे आप्पासाहेब पायजम्यावर यायचे आणि पिशवीतून पेरू काढून द्यायचे. तरी त्यांच्या मनानं घेतलं की या बाजारात आपणही उतरायचं. मी म्हणालो, उतरू. माझ्या अंगात तेव्हा मस्ती होती, आणि पुस्तकं मी वाचलेली होती.

हे पाणी किती शुद्ध ते मीटरवर कळतं. पाण्यात क्षार असला की त्यातून वीज धावते, क्षार नसला की अडते. वीज किती अडली तो आकडा मेगाओहममध्ये मोजतात. आपल्या नळाच्या पाण्याला आमचा मीटर लावला तर आकडा शून्यावरून हलत नाही. अठराच्या वर कुठलंच पाणी जात नाही. चौऱ्याण्णवच्या शेवटी नाशिककडच्या एका इंजेक्शनच्या कंपनीनं आम्हाला संधी दिली. अट एकच. आकडा दहाच्या वर पाहिजे, आणि एकदा नाही, परत परत आला पाहिजे.

ही करामत करतात ते रेझिनचे मणी. राजगिऱ्याएवढे बारीक, दोन जातींचे. एक जात तपकिरी, जड. दुसरी सायीच्या रंगाची, हलकी. शेवटच्या उभ्या नळकांड्यात दोन्ही जाती एकत्र कालवून भरतात आणि त्यातून पाणी सोडतात. पाण्यातला उरलासुरला क्षार मणी धरून ठेवतात. धरून धरून ते भरले की त्यांना पुन्हा ताजं करायचं. त्यासाठी खालून पाणी सोडून दोन्ही जाती आधी वेगळ्या करायच्या, तपकिरी खाली बसतात, सायीचे वर राहतात. मग खालच्यांना ॲसिड, वरच्यांना कॉस्टिक सोडा, आणि शेवटी हवा फुंकून परत सगळं एक. ज्याचं औषध त्यालाच पोचलं पाहिजे. उलटं पोचलं की केलेली मेहनत मातीत गेली.

ते मणी धुणं, भरणं, नळकांडी घासणं हे काम विमलबाईंकडं आलं. चौथीपर्यंत शाळा झालेली, पण हात असे की एक मणी खाली सांडायचा नाही. मी मात्र त्यांच्या मागं हात धुऊन लागलो होतो. प्लांटच्या खोलीत मी मीठबंदी केली होती. आमच्या मऊ पाण्याच्या टाक्यांना मीठच लागतं, त्यामुळं बाहेरच्या शेडमध्ये मिठाच्या पोत्यांची थप्पी असायची. ते मीठ आत आलं तर सत्यानाश, म्हणून मी भिंतीवर लाल रंगानं लिहून घेतलं होतं, "मीठ व मिठाचे पदार्थ आत आणू नयेत." डबा आत आणायचा नाही. जेवून आलं की तीनदा हात धुवायचे. एकदा त्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत होत्या तर मी तेवढ्यावरूनही ओरडलो, घामातही मीठच असतं म्हणून.

"व्हय का," विमलबाई म्हणाल्या, "मग घामाला काय सांगू सायेब, तू भायेर थांब म्हनून?"

सगळी शेड हसली. मी हसलो नाही.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत प्लांट उभा राहिला. मणी विकत घेतले तेव्हा ताजेच होते, त्यामुळं पहिल्याच दिवशी मीटर बारावर गेला. आप्पासाहेबांनी राहात्याहून पेरूची करंडी मागवून शेडभर वाटली, आणि मी टाय लावणाऱ्या कंपन्यांना मनातल्या मनात रामराम ठोकला. त्या कंपनीच्या तपासणी अधिकारी बाई शुक्रवारी येणार होत्या. त्यांच्यासमोर मणी ताजे करून दाखवायचे होते. म्हणून मंगळवारी मी रंगीत तालीम घेतली. मणी ताजे केले, पाणी सोडलं, मीटर लावला. आकडा आला एक.

मला वाटलं मीटर बिघडला. मीटर बदलला. एकच. बुधवारी परत सगळं पहिल्यापासून केलं. आता आकडा एकाच्याही खाली, पॉइंट आठ. नळकांडं आम्ही पारदर्शक प्लास्टिकचं घेतलं होतं, त्यामुळं आतलं सगळं दिसत होतं. तपकिरी आणि सायीचे मणी वेगळे व्हायचं नाव घेत नव्हते. एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे वर जात होते, तसेच खाली येत होते. पुस्तकात छापलं होतं तशी स्वच्छ रेघ कुठंच दिसेना. पाण्याचा जोर वाढवला तर मणी वरून वाहून जायला लागले. कमी केला तर जागचे हलेनात.

गुरुवारी दुपारपर्यंत मी हात टेकले. आप्पासाहेबांनी सगळं या एका प्लांटवर लावलं होतं. हा फसला तर शेड बंद, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण अकराच्या अकरा माणसांना माहीत होतं. आणि हात टेकलेला मास्तर जे करतो तेच मी केलं. कुणाची तरी चूक काढली.

"पोती भरताना तुम्ही मिसळलीत," मी विमलबाईंना सगळ्यांसमोर म्हणालो. "हलक्याच्या पोत्यात जड, जडाच्या पोत्यात हलकं. त्याशिवाय असं होणार नाही."

"न्हाई सायेब. म्या पोती न्हाई मिसळली."

"मग कुणी मिसळली, मी?"

 त्या शांतपणे म्हणाल्या, "शेवटी नळकांड्यात दोन्ही कालवूनच घालायचं हाय ना? मग पोत्यात मिसळलं काय आन् नळकांड्यात मिसळलं काय, बिगडलं कुटं?"

 उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. मी म्हणालो, "शनिवार तुमचा शेवटचा दिवस. सोमवारपासून येऊ नका."

 सहादू टेम्पोपाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काम जाऊ दे सायेब. काम दुसरं मिळंल. पन माझ्या हातानं नास झाला असं म्हनू नका. ते म्या ऐकून घेनार न्हाई." असं म्हणून त्यांनी नळकांड्यातून निघालेले मूठभर मणी एका ग्लासात घेतले आणि निघून गेल्या. मी अडवलं नाही. वाटलं, आता जाणारच आहेत, घेऊ देत.

शुक्रवारी सकाळी आठला मी प्लांटच्या खोलीत शिरलो आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या टेबलावर, लाल अक्षरांच्या बरोबर खाली, मिठाचा ढीग होता. सुपात घेऊन ठेवलेला, चांगला दोन-अडीच किलो. शेजारी बादली आणि स्टीलची दोन पातेली. आणि विमलबाई स्टुलावर बसलेल्या.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. विमलबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा काचेचा एक ग्लास माझ्यापुढं सरकवला. "आता हे बगा," म्हणाल्या.

ग्लासात वर सायीच्या मण्यांचा थर तरंगत होता. तळाशी तपकिरी. आणि दोन्हींच्या मधे बोटभर नितळ पाणी. एक तपकिरी मणी वर नाही, एक सायीचा खाली नाही. आमच्या पुस्तकातल्या चित्रात रेघ होती. इथं तर मधून हात फिरवावा एवढी वाट होती.

"मिठाचं पानी हाय," विमलबाई म्हणाल्या. "धा लिटरला दोन किलो. बाजरीच्या बियान्याला तेवढंच घालत्यात."

मी खाली बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचं माहेर कर्जतच्या पलीकडं, कोरडवाहू, बाजरीचा मुलूख. बाजरीवर अरगट नावाचा रोग पडतो, कणसात काळे खडे धरतात, ते खाण्यात आले तर माणूस आणि जनावर दोन्ही आजारी पडतात. म्हणून पेरणीच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात. काळे खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात, भरीव दाणा खाली बसतो. वरचं काढून टाकायचं, खालचं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन पेरायचं. त्यांची आई आक्काबाई गावातल्या निम्म्या घरांचं बी असं निवडून द्यायची, आणि विमलबाई लहानपणापासून तिच्या हाताखाली होत्या.

"साध्या पान्यात नुसतंच टाकलं तर निवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "पान्याला अंग लागतं. मिठानं पान्याला अंग येतं. आन् हे मनी एकमेकास्नी चिकाटलेत, मिठानं ती चिकाटीबी सुटती. काल घरी एका ग्लासात केलं, मग म्हनलं, सायेबांच्या डोळ्यांम्होरं करावं."

मी डिप्लोमावाला. मला कळायला हवं होतं. ताजे मणी एकमेकांना धरून बसतात, दोन जातींची ओढ उलटसुलट असते, आणि क्षार मिळाला की ती ओढ सुटते. साधं मिठाचं पाणी सायीच्या मण्यांपेक्षा जड आणि तपकिरींपेक्षा हलकं असतं. हे सगळं मला माहीत होतं, वेगवेगळ्या पानांवर. पण ज्या खोलीत मी स्वतः मीठबंदी केली होती तिथं मीठच औषध म्हणून लागेल, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. मला लाज वाटली. खरी, कान गरम होतात तशी.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. तपासणीला दहाला येणाऱ्या बाई नऊलाच आल्या होत्या.

नीलांबरी मॅडम असं त्यांना म्हणायचे. चाळिशीच्या, सुती साडी, हातात वही, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. आप्पासाहेबांनी पेरू पुढं केले, त्यांनी नको म्हटलं. "तुमचा पहिल्या दिवसाचा आकडा मला नको," त्या म्हणाल्या. "मणी माझ्यासमोर ताजे करा, मी इथंच बसते. दहाच्या वर आलं तर ऑर्डर पक्की. नाही आलं तर मी जेवून निघेन. आणि जो माणूस प्लांट चालवेल त्याचं नाव मला फॉर्मवर लागेल."

मी आप्पासाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हणालो, "जुन्या पद्धतीनं गेलो तर पॉइंट आठ. मिठानं गेलो तर काय होईल देव जाणे, नळकांड्यावर एकदाही केलेलं नाही. आणि या बाईंनी मीठ बघितलं तर उभ्या उभ्या निघून जातील. आपण पाणी मागच्या बाजूला कालवून नळीनं गुपचूप आत घेऊ."

आप्पासाहेबांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत, विमलबाईंकडं वळले. "बाई, व्हईल का?"

"ग्लासात झालंय," विमलबाई म्हणाल्या. "नळकांडं ग्लासापरीस लांब हाय, एवढंच."

"मग तुमीच चालवा."

आणि मी नळी शोधायला वळेपर्यंत विमलबाई बाहेरच्या थप्पीवरून मिठाचं पोतं उचलून, डोक्यावर घेऊन, नीलांबरी मॅडमच्या खुर्चीसमोरून सरळ आत आल्या. पोत्यावर मोठ्या अक्षरात मीठ लिहिलेलं होतं. भिंतीवर माझं लाल वाक्य होतं. मॅडमनी एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि एकदा माझ्याकडं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"मीठ," विमलबाई म्हणाल्या. लपवाछपवीचं काही त्यांच्या गावीही नव्हतं.

"क्षार काढायच्या प्लांटमध्ये मीठ?"

"व्हय. आदी घालायचं, मग समदं काडायचं. तुमी बसा, दिसंल तुमाला."

मॅडमनी वही उघडली, तारीख घातली आणि बसल्या. मला अजूनही कळत नाही की त्या का बसल्या. बहुतेक इतक्या वर्षांत त्यांच्याशी एवढं सरळ कुणी बोललंच नसावं.

साडेनऊला मिठाचं पाणी खालून सोडलं. विमलबाईंनी झडप एकदम उघडली नाही. पाव फेरा, थांबायचं, मण्यांकडं बघायचं, पुन्हा पाव फेरा. मी दोन दिवस जोर लावून जे करायला बघत होतो ते त्या हळूहळू करत होत्या. दहा मिनिटं काहीच झालं नाही. गोळे तसेच.  मग मधोमध एक गोळा फुटला, भिजलेलं ढेकूळ सुटावं तसा. मग दुसरा. मग सगळं नळकांडं आतून हलल्यासारखं झालं आणि सायीचे मणी वर चढायला लागले. वीस मिनिटांनी वर साय, खाली तपकिरी, मधे नितळ पाण्याची पट्टी. मॅडम खुर्चीतून उठून नळकांड्यापाशी आल्या, आणि किती वेळ नुसत्या बघत राहिल्या.

इथून पुढं माझं काम होतं, आणि ते मी जीव ओतून केलं. मीठ हळूहळू धुऊन काढलं. सायीच्या मण्यांनी आता मीठ पोटभर खाल्लं होतं, त्यांना कॉस्टिक दुप्पट लागणार होतं. मी दुप्पट दिलं. तपकिरींना ॲसिड दिलं. मग धुणं, नुसतं धुणं, दोन तास. दुपारी सगळे बाहेर सुबाभळीखाली जेवायला बसलो. मॅडमनी आपला डबा उघडला आणि विमलबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. विमलबाईंनी अर्धी बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढं केला. पेरूला नाही म्हटलेल्या बाईंनी तो घेतला. जेवता जेवता त्यांनी बाजरीचं सगळं विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. 

चारला हवा फुंकून मणी एक केले. सव्वाचारला पाणी सोडलं. मीटर विमलबाईंच्या हातात दिला. मी म्हणालो, "तुम्हीच वाचा."

"शून्य पॉइंट पाच," त्या म्हणाल्या. आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. "एक. एकच हाय अजून. दोन." मग बराच वेळ दोन. बाकीची माणसं खोलीच्या दारात उभी, सहादू सगळ्यात मागं. "चार. साडेपाच." आता आकडा भराभर चढायला लागला होता. "सात. आठ. नऊ." नऊवर आकडा थांबला. मी नळकांड्याला हात लावून उभा होतो, जणू काही ढकलल्यानं तो वर जाणार होता. "नऊ पॉइंट सहा. धा." मग त्या थांबल्या. मीटर मॅडमच्या पुढं धरला आणि म्हणाल्या, "आता तुमीच वाचा. माझ्यावर इस्वास नको."

मॅडमनी वाचलं. अकरा. बारा. चौदा. पंधरा पॉइंट दोनवर आकडा थांबला आणि तिथंच राहिला. अर्धा तास त्या बसून होत्या, तो तिथून हलला नाही.  कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पासाहेब भिंतीशी जाऊन तोंड फिरवून उभे राहिले. सहादू पुढं आले आणि सगळ्यांदेखत बायकोला म्हणाले, "आता घरी आलीस की माझ्या चुका मोजू नगंस, आज सुट्टी दे." तेव्हा कुठं शेड हसली, आणि त्यात मीही हसलो.

मॅडमनी फॉर्म काढला. पाणी तपासले, योग्य आढळले, असा मजकूर, आणि खाली प्लांट चालवणाऱ्याचं नाव व सही. मी सवयीनं खिशातलं पेन काढलं. दोन वर्षं असल्या प्रत्येक कागदावर मीच सही करत आलो होतो. मॅडमनी फॉर्म माझ्या हाताखालून उचलला आणि विमलबाईंपुढं ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटलं. मी माझं पेन त्यांना दिलं. त्यांनी एकेक अक्षर कोरून लिहिलं, विमल सहादू भिंगारदिवे.

मग मी सगळ्यांसमोर म्हणालो, "विमलबाई, काल मी चुकलो. नास तुमच्या हातानं झाला नाही. सोमवारी या." आमच्या घराण्यात आपली चूक कुणी मोठ्यानं बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. विमलबाई म्हणाल्या, "येते. पन ती भिंत आदी पुसा." भिंत मी स्वतः पुसली. रंग पक्का होता, अर्धा दिवस गेला.

ऑर्डर आली. दोन महिन्यांनी त्याच कंपनीची दुसरी आली, तीन प्लांटची. आप्पासाहेबांनी ती मला वाचायला दिली. दर, मुदत, सगळं नेहमीचं. सातवी अट मात्र मी दोनदा वाचली. प्रत्येक प्लांट चालू करताना श्रीमती विमल भिंगारदिवे यांनी जातीने हजर राहावे, त्यांच्या सहीशिवाय पाणी स्वीकारले जाणार नाही. त्या अख्ख्या कागदावर माझं नाव कुठंही नव्हतं. मी ती अट शेडभर वाचून दाखवली, दोनदा.

नव्याण्णवपर्यंत आमचे अकरा प्लांट लागले. अकराही विमलबाईंनी चालू केले. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा टायवाला एकदा आमची मिठाची पद्धत बघायला आला होता. विमलबाईंनी त्याला बादली धरायला लावली आणि त्यानं ती मुकाट धरली. पद्धतीचं पुस्तक मी लिहिलं, पण पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे, ते मी घातलंय.

त्या दुसऱ्या ऑर्डरच्या वेळची एक गोष्ट सांगायची राहिली. एका कामावरून परत येताना आमचा टेम्पो कर्जतवरून येत होता. विमलबाई म्हणाल्या, माझ्या आईला भेटून जाऊ. आक्काबाईंचं घर लहान, पत्र्याचं, समोर सारवलेलं अंगण. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. टँकरचं होतं, खारं. आमचा मीटर लावला असता तर बिचारा गारठला असता. मी तांब्या रिकामा केला.

विमलबाईंनी पिशवीतून त्या फॉर्मची झेरॉक्स काढली, आणि सातव्या अटीचीही. आक्काबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी लेकीच्या सहीवरून बोट फिरवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमी गावाचं बी निवडायचो सायेब. त्या बियाला लागायचं पानी लोक वरून वतायचे. आमचा हात हिरीला लागू द्यायचे न्हाईत. बी चालायचं आमच्या हातचं, पानी न्हाई."  आमच्या घरातले मास्तर त्या काळी कुठं उभे असतील ते मला न सांगताही माहीत होतं.

मग त्या लेकीकडं वळल्या. आवाज अगदी खाली आणून, जणू कुणी ऐकेल म्हणून, त्यांनी विचारलं, "विमल, एवड्या मोठ्या कंपनीचं पानी. तू हात लावलास म्हून बाटलं, असं कुनी म्हनलं न्हाई ना?"

विमलबाईंनी ती सातवी अट आईच्या हातात नीट घडी करून ठेवली.

"न्हाई आये," त्या म्हणाल्या. "माझा हात लागल्याबिगर ते घेतच न्हाईत."